पडद्यावरील 'आणि इतर'

गेल्या वार्षिक स्नेहसंमेलनात आमच्या शाळेच्या मुलांनी शिवकालीन प्रसंगावरील एक छोटेखानी नाटक केले, हे बहुतेक पालकांच्या स्मरणात असेल. त्या नाटकाची कार्यक्रमपत्रिका तयार करण्याचे काम आमच्याकडे होते. कागद एक, त्याच्या बाजू दोन, आणि त्यांत स्वागतगीतापासून आभारप्रदर्शनापर्यंत सर्व काही बसवावयाचे; तेव्हा मुख्य पात्रांची नावे छापून झाल्यावर सात मावळ्यांच्या ठिकाणी आम्ही 'आणि इतर' असे दोन शब्द घालून मोकळे झालो. नाटक चांगले वठले. दुसऱ्या दिवशी नववीतील एक विद्यार्थी पत्रिकेची घडी उलगडून आमच्यापुढे उभा राहिला व म्हणाला, "सर, यात 'इतर' म्हणजे मीच ना?" त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, आपण त्या कागदावर कोठे आहो एवढेच त्यास जाणून घ्यावयाचे होते. आम्ही "होय" म्हटले, आणि तो समाधानाने गेला. तो समाधानाने गेला याचेच आम्हांस वाईट वाटले.

पुढे थोड्याच दिवसांनी त्याच विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. त्यातून अर्धा दिवस काढून ते आले होते, यावरून गोष्ट साधी नसावी हे आम्ही ताडले. मुलगा मोबाइलसमोर उभा राहून नटांच्या नकला करतो, दहावी झाली की मुंबईस जाईन म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही, अशी त्यांची कैफियत होती. ती सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "मोठे होतात त्यांचे फोटो भिंतीवर दिसतात, सर. बाकीच्यांचे काय होते?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांपाशी नव्हते. प्रसिद्ध नटनट्यांची चरित्रे सर्वांस तोंडपाठ असतात. परंतु ज्यांची नावे पडद्यावर एकदा उमटून पुसली गेली, त्यांच्याविषयी शिक्षकासही फारसे ठाऊक नसते. म्हणून आम्ही वाचावयास बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

आरंभ अर्थातच दादासाहेब फाळके यांच्यापासून करावा लागतो. इ. स. १९१२ साली ते विलायतेहून चित्रपटाचे यंत्र घेऊन मुंबईस परतले व 'राजा हरिश्चंद्र' या पहिल्या कथाचित्राच्या तयारीस लागले. यंत्र मिळाले, कथा मिळाली, हरिश्चंद्राच्या भूमिकेस दत्तात्रेय दामोदर दाबके हे रंगभूमीवरील नट मिळाले. अडले ते तारामतीपाशी. कुलीन घरातील स्त्री कॅमेऱ्यापुढे उभी राहणे त्या काळी अशक्यच होते. परंतु ज्यांना समाजाने कुलीन मानले नव्हते त्या नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांनीही नकार दिला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या धंद्यास सर्वांनीच हीन ठरविले होते त्यातल्या बायकांना हा नवा धंदा आपल्याहून हीन वाटला! चित्रपटाची पत समाजात काय होती हे यावरून कळेल. दादासाहेब आपल्या माणसांना सांगत की, कोणी विचारल्यास 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहो' असे सांगावे. कारखान्यातील नोकरी लोकांस समजे. ही समजत नसे.

शेवटी तारामती सापडली ती मुंबईच्या ग्रँट रोडवरील एका खानावळीत. तेथे अण्णा साळुंके नावाचा एक तरुण आचारी होता. हाडापेराने नाजूक, बोटे लांबसडक. त्यास महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पाच रुपयांच्या वाढीवर भारतीय चित्रपटास त्याची पहिली नायिका मिळाली. मिशीचा प्रसंग सर्वश्रुत आहे: मिशी काढावयाची म्हणताच स्त्रीवेषाची मंडळी हटून बसली, कारण बाप जिवंत असता मिशी उतरविणे अशुभ समजले जाई. आज आपणांस याचे हसू येते. पण पडद्यावर दोन घटका दिसण्यासाठी ज्यांनी ती मिशी उतरविली त्यांना घरी काय उत्तर द्यावे लागले असेल, याचाही विचार हसताना करावा.

रोहिदासाची भूमिका मिळविणे तर त्याहून कठीण गेले. कथेत रोहिदास सर्पदंशाने मरतो. आपल्या मुलाने मेल्याचे सोंग घ्यावे यास एकही आईबाप तयार होईना. तेव्हा दादासाहेबांनी आपल्याच मुलास, भालचंद्रास, उभे केले. बाहेरगावी चित्रीकरण चालू असता खेळताना तो मुलगा खडकावर पडला, डोके फुटले, व तो बेशुद्ध झाला. आता काम थांबवून त्यास मुंबईस न्यावे असे सर्वांनी सुचविले. दादासाहेबांनी त्याच्यावर प्रथमोपचार केले आणि मग रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग त्या अवस्थेतच चित्रित केला, असे सांगतात. ही कथा दादासाहेबांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितली जाते. आम्ही स्वतः बाप आहो. आम्हांस ती वाचताना निष्ठेपेक्षा त्या मुलाच्या आईची आठवण अधिक झाली. ती आई, सरस्वतीबाई फाळके, त्या दिवसांत दादरच्या घरी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत होती, रात्री दिव्याच्या मंद उजेडात फिल्म धुण्यास व तिला छिद्रे पाडण्यास मदत करीत होती, आणि दिवसा उन्हात पांढरी चादर ताणून धरीत होती, की जिच्यावरून उजेड परतून नटांच्या तोंडावर पडावा. पडद्यावर ती कोठेच नाही. तिच्या चादरीवरून परतलेला उजेड मात्र आहे.

याच चित्रीकरणात वांगणी नावाच्या गावी आणखी एक गंमत झाली. तलवारी, भाले घेतलेली मंडळी गावात शिरलेली पाहून लोकांना दरोडेखोर आले असे वाटले, व सर्वांना धरून ठेवण्यात आले. दादासाहेब तापाने आजारी असल्याने मागाहून यावयाचे होते. ते येऊन कॅमेऱ्याची पेटी उघडून दाखवीपर्यंत राजा हरिश्चंद्र आणि त्याचा दरबार अटकेतच होता.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. पुढे १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका एकट्यानेच केल्या. भारतीय पडद्यावरील पहिली दुहेरी भूमिका ती हीच. राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत, आणि गल्ल्याची नाणी बैलगाडीतून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागत, अशी वर्णने आहेत. अशोकवनातील सीतेचे दंड चांगले पिळदार दिसत असत, असेही लिहून ठेवलेले आहे. भाविकांना त्याची अडचण वाटली नाही. मग अण्णा साळुंके कॅमेऱ्याच्या पुढून मागे गेले, छायाचित्रकार झाले, व १९३१ पर्यंत त्यांचे नाव चित्रपटांशी जोडलेले आढळते. ते बोलपटाचे पहिले वर्ष. त्यानंतर हा मनुष्य कागदपत्रांतून नाहीसा होतो. ज्याला लोकांनी वहाणा काढून वंदन केले, त्याच्या अखेरच्या दिवसांविषयी लोकांपाशी एक ओळही नाही.

विद्यार्थ्यांनी येथे एक शंका काढावी, ती अशी की, १९१७ सालीही सीता पुरुषच का? स्त्री तोपर्यंत पडद्यावर आलीच नव्हती काय? आली होती. १९१३ सालीच दादासाहेबांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला, त्यात पार्वती झाल्या होत्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली होती त्यांची कन्या कमला, वय वर्षे सुमारे तेरा. एकदा दार उघडले म्हणजे ते उघडेच राहते असा आपला समज असतो. या बाबतीत ते पुन्हा लोटले गेले, व पुरुषच आणखी काही वर्षे लुगडी नेसत राहिले.

या मायलेकींची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. दुर्गाबाईंचा संसार मोडला होता. पती मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापक, परंतु १९०३ च्या सुमारास त्या लहानग्या मुलीस घेऊन वेगळ्या झाल्या. त्या काळी एकट्या पडलेल्या ब्राह्मण स्त्रीपुढे मार्ग किती? दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटाव्या, धुणीभांडी करावी, नाही तर माहेरच्या कोपऱ्यात मुकाट्याने आयुष्य काढावे. दुर्गाबाईंनी फिरत्या नाटकमंडळीची वाट धरली, व त्यापायी जातीचा रोष पत्करला. मुलीची शाळा म्हणजे नाटकमंडळीचा तळ. आज या गावी, उद्या त्या गावी. लहान कमला चालू बोलू लागली ती रंगभूमीवरच, असे म्हटले तरी चालेल. आमच्या वर्गात ऊसतोडीस व वीटभट्टीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले आहेत. त्यांना असे बालपण समजावून सांगावे लागणार नाही.

कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. तेही नाटकमंडळीतलेच, व तरुणपणी स्वतः स्त्रीभूमिका करणारे. पंचविशीत कमलाबाईंना वैधव्य आले. पदरी दोन मुलगे, तिसरे मूल व्हावयाचे. त्यांनी रंग पुसला नाही. नाटकात, मूकपटात, बोलपटात मिळेल ते काम केले. रंगभूमीवर पुरुषवेषही घेतले. तिन्ही मुलगे कलावंत निघाले. लालजी व सूर्यकांत यांनी तबल्यात नाव मिळविले. थोरले चंद्रकांत गोखले (१९२१-२००८) हे मराठी रंगभूमीवरील व पडद्यावरील नावाजलेले नट झाले. चंद्रकांतांचे पुत्र विक्रम गोखले २०२२ साली निवर्तले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. त्या हळहळीत पणजीचे नाव किती जणांस आठवले असेल? कमलाबाईंच्या उतारवयात, १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत, रीना मोहन यांनी त्यांच्यावर एक माहितीपट काढला, म्हणून निदान त्यांचा चेहरा व त्यांचे बोलणे आज पाहावयास मिळते. दुर्गाबाईंच्या वाट्यास तेवढेही आले नाही.

दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये बाळकृष्ण केला, तोही पाहण्याजोगा आहे. सात-आठ वर्षांची ती मुलगी पडद्यावर इतकी मोकळी वावरते की, शंभर वर्षांनंतरही आमच्या पाचवीच्या मुलांना ती आपल्याच वर्गातली वाटली. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्यात झुंजारराव पवार कीचक व बाळासाहेब यादव भीम झाले होते. कीचकवध इतका हुबेहूब वठला की, तो पाहून प्रेक्षक भयभीत होत व सरकारने त्या दृश्यास कात्री लावली. या दोघांची नावे आता कोल्हापूरबाहेर क्वचितच ऐकू येतात.

आता गौरीबाईंकडे येतो. खरे म्हणजे हा लेख लिहिताना ज्यांच्यापाशी आम्ही सर्वांत अधिक घुटमळलो त्या ह्याच.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली व १९३३ साली ती पुण्यास गेली. त्या कंपनीत झाडलोट करणारी एक बाई होती. गर्दीच्या प्रसंगांत माणसे कमी पडली की झाडू ठेवून तीही गर्दीत उभी राही. अशा रीतीने 'आणि इतर' मध्ये तिचा प्रवेश झाला. हळूहळू लहानसहान कामे मिळू लागली, आणि १९३६ साली दामले व फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' काढला तेव्हा तुकोबांच्या पत्नीची, जिजाईची, भूमिका तिला देण्यात आली. पडद्यावर तिचे नाव नुसते 'गौरी' एवढेच आहे. आडनाव नाही.

तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांची होती. तेही पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत व भजने उत्तम गात. त्यांचा तुकोबा सर्वांस ठाऊक आहे. लोक त्यांनाच तुकाराम मानू लागले, व १९४३ साली ते वारले तोवर ती ओळख सुटली नाही. परंतु तो चित्रपट पुन्हा लक्षपूर्वक पाहिल्यास असे दिसून येईल की, तुकोबा जमिनीवरून उचलला जात असता त्या चित्रास जमिनीशी धरून ठेवते ती जिजाई. तिला म्हशीची काळजी, चुलीची काळजी, पोरांच्या पोटाची काळजी. नवरा देवाचे नाव घेत धान्य वाटून मोकळा होतो आणि उद्याच्या भाकरीचा हिशेब तिच्याकडे राहतो. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती त्यास फरफटत देवळात नेते व पायातली वहाण हातात घेऊन विठोबापुढे उभी राहते. अभिनयाचे शिक्षण घेतलेल्या एखाद्या नटीने हा प्रसंग केला असता तर तो कदाचित आरडाओरड्याचा झाला असता. गौरीबाईंच्या तोंडावर त्या वेळी संताप आहे, पण त्याहून अधिक थकवा आहे. दिवसभर काम करून आलेल्या बाईचा थकवा तो. अशा आया आम्ही पालकसभेस रोज पाहतो. तो त्यांना कोणी शिकविला नसावा.

हा चित्रपट मुंबईस एकाच सिनेमागृहात ५७ आठवडे चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील चित्रपटमहोत्सवात जगातील उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. आर्णीसारख्या गावांच्या यात्रांतून पुढे कित्येक वर्षे तंबूतील सिनेमावाल्यांनी संतपट दाखविले; पडद्याच्या एका बाजूस पुरुष व एका बाजूस बायका बसत, आणि जिजाई बोलू लागली की बायकांच्या बाजूने हशा उसळे, असे आमच्या घरची वडील माणसे सांगत असत. आपल्याच घरातले भांडण पडद्यावर पाहिल्याचा तो हशा होता. गौरीबाईंनी नंतर १९४१ च्या 'संत सखू' मध्ये छळ करणारी सासूही केली, आणि ती इतकी खरी केली की जिजाईवर प्रेम करणाऱ्यांनीच तिला शिव्या मोजल्या. नटीस याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते द्यावे?

येथे पालकांच्या प्रश्नास उपयोगी पडेल असा एक मुद्दा आहे. प्रभातसारख्या कंपन्यांत नट, सुतार, रंगारी, झाडणारा, सर्वजण मासिक पगारावर असत. पडद्यावर काम असो वा नसो, महिन्याच्या शेवटी वेतन मिळे. म्हणूनच झाडणाऱ्या बाईस नटी होण्याइतका वेळ मिळाला; कोणीतरी तिला रोज पाहत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर ही पद्धत मोडली. एकेका चित्रपटापुरते पैसे घालणारे पुढे आले, मोठे नट कंपन्या सोडून मोकळे झाले व मोठ्या रकमा मागू लागले, आणि लहान नट रोजंदारीवर आला. प्रभातही १९५३ साली बंद पडली. तेव्हापासून आजतागायत लहान भूमिका करणाऱ्याची स्थिती शेतमजुरासारखी आहे: काम लागले तर दिवस भरला, न लागला तर नाही. रूप, आवाज, बुद्धी ही सर्व असूनही त्याच्या हाती नसलेली गोष्ट म्हणजे उद्याचा दिवस.

आमच्या शाळेच्या वाचकांना शाहू मोडक यांचे नाव मुद्दाम सांगावेसे वाटते. १९१८ साली अहमदनगरच्या (म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या) एका मराठी ख्रिस्ती घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९३२ च्या 'श्यामसुंदर' मध्ये ते बालपणीच कृष्ण झाले. हा चित्रपट मुंबईस सतत पंचवीस आठवडे चालला. १९३३ च्या 'आउट घटकेचा राजा' मध्ये त्यांनी दुहेरी भूमिका केली, १९३९ च्या 'माणूस' मध्ये गणपत शिपाई रंगविला, १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' मध्ये ज्ञानेश्वर झाले. कृष्णाची भूमिका तर त्यांनी एकूण २९ चित्रपटांत केली असे सांगतात. ख्रिस्ती घरातील मुलास महाराष्ट्राने कृष्ण म्हणून आणि ज्ञानोबा म्हणून हात जोडले, व यात कोणास काही विपरीत वाटले नाही. ते १९९३ साली वारले. नववीच्या वर्गात आम्ही त्यांचे नाव विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही. आमचाही दहा वर्षांपूर्वी झाला नसता.

विस्मरणाचा सर्व दोष लोकांना देणे मात्र योग्य नव्हे. पदार्थविज्ञानाचाही त्यात वाटा आहे. जुनी फिल्म सेल्युलोज नायट्रेट या द्रव्याची असे. ते अतिशय ज्वालाग्राही, आणि न जळले तरी काळाने आपोआप कुजून त्याचा चिकट गोळा होतो, पुढे भुगा. शिवाय फिल्मवरील चित्र चांदीच्या कणांनी उमटलेले असते. चित्रपट चालेनासा झाला की चांदी काढण्यासाठी ती विकून टाकीत. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावे असे थोडे पूर्णपणे वा तुकड्यांनी उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची पहिली व शेवटची रिळे तेवढी आहेत. हे संग्रहालय १९६४ साली निघाले, म्हणजे दुर्गाबाईंच्या पार्वतीनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. तरीही संकट टळले नाही. २००३ सालच्या आगीत नायट्रेटवरील पुष्कळ जुनी रिळे पुण्यातच भस्मसात झाली. ज्या नटाचे एकच काम होते व ज्या कामाची एकच प्रत होती, त्याचे काय झाले हे सांगावयास नको.

दूरचित्रवाणीविषयी थोडेच लिहितो. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. त्यावरील 'चिमणराव' या मालिकेत गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे आमच्या पिढीच्या पालकांस आठवतील. ते २०२५ साली वारले. हे गृहस्थ कित्येक वर्षे मुंबई महानगरपालिकेत नोकरीस होते, आणि नोकरी सांभाळून त्यांनी रंगभूमीची व पडद्याची हौस पुरविली. त्या पिढीत असे पुष्कळ होते: कोणी बँकेत, कोणी टपालखात्यात, सायंकाळी तालमीस. मुलाच्या वडिलांना आम्ही हे उदाहरण सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच जरा हुशारी दिसली. मुलाच्या चेहऱ्यावर मात्र ती दिसली नाही. त्यास महानगरपालिकेत जावयाचे नव्हते.

त्यास आवडली ती झाडीपट्टी. आपल्या विदर्भाच्या पूर्वेकडील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात पीक घरात आले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे गाव या नाटकमंडळ्यांचे ठाणे. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि ज्या गावी शंकरपट वा मंडई तेथे नाटक ठरलेलेच. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांनी या रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोगांत आठशे निरनिराळ्या भूमिका केल्या. २०२३ साली त्यांस पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांस हे नाव नवे होते. त्या मुलखातील बैलबंडीने येणाऱ्या प्रेक्षकांस ते पन्नास वर्षे ठाऊक होते. प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध हे शब्द आपण कोठे उभे राहून उच्चारतो यावर पुष्कळसे अवलंबून आहे, असे आम्हांस हे वाचताना वाटले.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' मध्ये जब्याची भूमिका सोलापूर जिल्ह्यातील सोमनाथ अवघडे या मुलाने केली. अभिनयाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो हलगी वाजवीत असे. त्यास उत्कृष्ट बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आमचा विद्यार्थी हे ऐकून फार हुरळला. त्यास आम्ही एवढेच सांगितले की, पारितोषिकाच्या दुसऱ्या दिवशीही शाळा भरते. हे बोलणे त्यास रुचले नाही, आणि विचारांती ते आम्हांसही फारसे रुचले नाही. शिक्षकास काहीतरी बोलावेच लागते.

शेवटचे उदाहरण आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले. वीरा साथीदार हे तेथील खेड्यातून आलेले, चळवळीत वाढलेले, नागपुरास 'विद्रोही' हे नियतकालिक चालविणारे कार्यकर्ते. वयाची पन्नाशी उलटल्यावर चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या मराठी चित्रपटात त्यांना नारायण कांबळे या लोकशाहिराची मुख्य भूमिका मिळाली. 'संत तुकारामा'चा जेथे गौरव झाला त्याच व्हेनिसच्या महोत्सवात, सत्त्याहत्तर वर्षांनी, हा चित्रपट गौरविला गेला. भारतातही त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. एवढे झाल्यावर साथीदार मुंबईस जाऊन राहिले नाहीत. ते नागपुरास आपल्या कामावर परतले, आणि १३ एप्रिल २०२१ रोजी करोनाच्या साथीत तेथेच वारले.

त्याच चित्रपटात गटारात उतरून मेलेल्या सफाईकामगाराच्या विधवेचे काम उषा बने यांनी केले आहे. त्यांचे पती खरोखरीच ते काम करीत असत व त्यातच गेले होते. न्यायालयात ती बाई साक्ष देते: नवऱ्याचा एक डोळा विषारी वायूने कसा गेला, खाली उतरण्यापूर्वी तो हवेची परीक्षा कशी करी, त्या दुर्गंधीस तोंड देण्यासाठी तो काय करी. आवाज चढत नाही, डोळे भरत नाहीत. साक्षीनंतर वकील तिला पैसे देऊ करतो. ती ते घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते.

हे दृश्य आम्ही त्या विद्यार्थ्यास व त्याच्या वडिलांस शाळेच्या संगणकावर दाखविले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या बाईचे नाव विचारले, आणि चित्रपटाच्या शेवटी सरकणारी नावे थांबवून मुलाने ते शोधून काढले. मुलगा सध्या दहावीत आहे, व परीक्षेस बसणार आहे. त्यापुढचे बापलेकांत अजून ठरलेले नाही.

या अंकातील संमेलनाच्या वृत्तान्तात सातही मावळ्यांची नावे छापली आहेत. त्यांतील एका मुलाचे पूर्ण नाव आम्हांस हजेरीपटावरून पाहून घ्यावे लागले.